खजिनदाराला सुट्टी द्या

पत्र

ताई, नमस्कार.

पाच खेळाडू आणि खेळ चालवणारा मी, म्हणजे डीएम, असे आम्ही सहा जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या भूमिका वठवण्याच्या खेळाची पाचवी आवृत्ती (२०१४ ची) खेळतो. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, आता सहाव्या लेव्हलला आहे. कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन पुढे जाणारी कथा, छान चाललंय, पण पैशांनी वात आणलाय. प्रत्येक लढाईनंतर लुटीची वाटणी सुरू होते आणि सेशनचा मोठा तुकडा त्यातच जातो. विझार्ड (जादूगार) खेळणाऱ्याने एक स्प्रेडशीट केली आहे, ती फक्त त्यालाच कळते. बाकीचे आपापल्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, काहीतरी लिहितात आणि दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. मागच्या वेळी तीन सिल्व्हरवरून दोघांत खरोखरची कुरबुर झाली. कंटाळून मी म्हटलं, पैसे काढूनच टाकू, ज्याला जे हवं ते घ्या. तर ‘रोग’, म्हणजे चोराचं पात्र, खेळणारी भडकली. ती म्हणते, मग मी खिसे कापायचे कशाला? फायटर म्हणतो, असं केलं तर जग खोटं वाटेल, मध्ययुगात माणसं दमडी दमडी मोजून जगायची. आता काय करू?

— हिशेबाला कंटाळलेला डीएम

उत्तर

पैसे काढू नका. मोजणी काढा, आणि तीही सगळी नाही.

तुमची रोग बरोबर बोलते आहे आणि तुमचा वैतागही रास्त आहे. तिला हवा आहे तो मोह: कुणाच्या तरी कमरेला लटकलेली जड थैली, ती आपली व्हावी ही इच्छा, आणि पकडले गेलो तर काय ही धाकधूक. तुम्हाला नको आहे ती वजाबाकी. पैसे काढून टाकले की वजाबाकीबरोबर मोहही जातो, म्हणून ती भडकली. तेव्हा आपल्याला मोह ठेवून वजाबाकी कशी घालवायची ते बघायचं आहे.

त्याआधी ही मोजणी खेळात आली कुठून ते पाहू, कारण ती मूर्खपणाने आलेली नाही. १९७४ च्या मूळ डी अँड डीमध्ये राक्षस मारूनही एक्सपी, म्हणजे पात्राला वरच्या लेव्हलला नेणारे अनुभवाचे गुण, मिळायचे. पण खरी कमाई खजिना बाहेर काढण्यात होती: एक गोल्ड सुखरूप बाहेर आणलं की एक एक्सपी. नाण्यांना वजनही दणदणीत होतं. पुढे आलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ डी अँड डीच्या पहिल्या आवृत्तीत दहा नाण्यांचा एक पौंड भरायचा. त्यामुळे डंजनच्या, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या भुयाराच्या, तळाशी कॉपरची पेटी सापडली की पार्टीसमोर खराखुरा पेच उभा राहायचा. ही उचलायची तर चाल मंदावणार, वाटेत काही भेटलं तर पळता येणार नाही. सोडायची तर तेवढे एक्सपी गेले. अशा खेळात प्रत्येक नाणं मोजणं हा निम्मा खेळच होता, आणि मजेचा होता.

तुम्ही खेळता त्या आवृत्तीत सोनं आणल्याचे एक्सपी मिळत नाहीत. नाणी हलकी झाली, पन्नासांचा एक पौंड. बहुतेक टेबलांवर ओझं कुणी मोजतही नाही; तुमच्या टेबलवर मोजत असते तर तुम्ही त्याचीही तक्रार केली असतीत. म्हणजे मोजण्याची दोन्ही कारणं निघून गेली आणि रकाने तेवढे शीटवर उरले.

याचा परिणाम किती हास्यास्पद होतो ते आकड्यांत बघा. तुमच्या डीएमच्या पुस्तकात अगदी खालच्या पातळीच्या, म्हणजे चॅलेंज (राक्षस किती अवघड याचं माप) ० ते ४ च्या, साठ्याचा तक्ता आहे. कॉपरसाठी सहा सहापैलू फासे गुणिले शंभर, सिल्व्हरसाठी तीन फासे गुणिले शंभर, गोल्डसाठी दोन फासे गुणिले दहा. सरासरी निघते २,१०० कॉपर, १,०५० सिल्व्हर आणि ७० गोल्ड. एकूण ३,२२० नाणी, वजन चौसष्ट पौंडांच्या वर, म्हणजे साधारण २९ किलो. आणि या ढिगाची किंमत? कॉपर, सिल्व्हर, गोल्ड दहाच्या पटीत चढतात, म्हणजे १९६ गोल्ड. पाच जणांत वाटा, प्रत्येकी ४२० कॉपर, २१० सिल्व्हर, १४ गोल्ड. पाच शीटांवर तीन-तीन रकाने, म्हणजे पंधरा आकडे खोडायचे आणि पंधरा नवे लिहायचे. शिवाय स्प्रेडशीट. एवढं करून माणशी हातात काय पडलं, तर ३९ गोल्ड आणि दोन सिल्व्हर. जखमा भरणारं, पन्नास गोल्डचं एक हीलिंग पोशनसुद्धा येत नाही त्यात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

हाच साठा तुम्ही “१९६ गोल्ड किमतीची नाणी” म्हणून एका आकड्यात दिला असता, तर कुणाचं काय बिघडलं असतं? वर्णन करताना कॉपरचे ढीग खुशाल सांगा. गंजलेली हंडी, हिरवट पडलेली नाणी, त्यात मधूनच चमकणारं सोनं. पेटी इतकी जड की दोघांनी धरावी लागते, तेही सांगा. शीटवर मात्र एकच आकडा जाऊ द्या.

तर पहिला नियम झाला: एकच नाणं. तुमच्या पातळीला गोल्ड बरं. नवं कॅम्पेन पहिल्या लेव्हलपासून सुरू करणार असाल तर मी सिल्व्हर घ्यायला सांगेन. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने रोजच्या किमती सिल्व्हरच्या आसपास बसवल्या आहेत आणि नव्या कॅरेक्टरला सुरुवातीला १५ गोल्ड मिळतात. त्यामुळे तिथे सोन्याचं नाणं हातात आलं की त्याचं काहीतरी वाटतं. डी अँड डीत गोल्ड इतकं सांडलेलं असतं की ते खुर्दाच होऊन बसतं. पण चालू कॅम्पेनच्या मध्ये सगळ्या किमती बदलण्याच्या फंदात पडू नका, त्याने हिशेब दुप्पट होईल.

दुसऱ्या नियमासाठी जरा गृहपाठ करावा लागेल. मागच्या काही सेशनमध्ये पार्टीने काय काय विकत घेतलं ते आठवून लिहून काढा आणि प्रत्येक वस्तूसमोर एवढंच टिपा: हे घेताना कुणी क्षणभर थांबलं का? मशाल, एक कॉपर. दिवसाचा शिधा, पाच सिल्व्हर. वीस बाण, एक गोल्ड. पहार, दोन गोल्ड. सहाव्या लेव्हलची माणसं यातल्या कशासाठीही थांबत नाहीत. तुम्ही “दोन गोल्ड झाले” म्हणता, ते “बरं” म्हणतात, आणि निम्मे जण खोडायला विसरतात. तुमचे आकडे जुळत नाहीत ते इथेच. हीलिंग पोशन, पन्नास गोल्ड: इथे जरा चुळबुळ होते, दोन घ्यायची की तीन. मेलेल्या सोबत्याला उठवणाऱ्या ‘रिव्हिव्हिफाय’साठी तीनशे गोल्डचा हिरा: इथे टेबलवर खरी चर्चा होते, कारण तो हिरा वापरला की संपतो. प्लेट चिलखत, दीड हजार: इथे फायटर तुमच्याकडे आशेने बघायला लागतो.

जिथे पहिल्यांदा कुणीतरी थांबतं, तिथे रेघ मारा. रेघेखालचं मोजायचं नाही. गावात, दुकान उघडं असताना, ते मिळतं आणि विषय संपतो. रेघेवरचं मोजायचं, पूर्ण गोल्डमध्ये, आणि तेव्हा गंभीरपणे मोजायचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या टेबलची रेघ दहा गोल्डवर असावी असा माझा अंदाज आहे. दोर, कंदील, शिधा, बाण, मलमपट्टीची पिशवी, पायाखाली टाकायचे काटे हे सगळं खाली. आम्लाची कुपी पंचवीस, पवित्र पाणी पंचवीस, पोशन पन्नास, हे वर.

इथे एक भोक आहे, ते आत्ताच बुजवा. २००२ च्या ‘डी२० मॉडर्न’ या खेळात पैशांऐवजी प्रत्येक कॅरेक्टरला ‘वेल्थ बोनस’ असा एकच आकडा होता. वस्तूची किंमत त्या आकड्याच्या आत असली की ती आपोआप मिळायची, आणि ठरावीक मर्यादेखालच्या वस्तू घेतल्याने आकडा कमीही होत नसे. नियम सुटसुटीत होता, पण कागदावर पाहिलं तर कुणीही त्या वस्तू लागतील तेवढ्या, कितीही वेळा घेऊ शकत होता. तुमच्या टेबलवरही कुणीतरी विचारणारच: रेघेखाली फुकट ना, मग चारशे शिड्या द्या. त्यावर टक्केवारीचा नियम काढत बसू नका. “एका माणसाला स्वतः उचलून नेता येईल तेवढं, आणि विकण्यासाठी नाही” एवढी ओळ पुरे. त्यापलीकडे गेलं तर ती खरेदी रेघेवरची, मग एकूण किंमत लावा. आणि हो, रेघेचा नियम फक्त वस्तीत चालतो. जंगलात बाण संपले की संपले.

राहण्या-खाण्याचा खर्च तर तुमच्या पुस्तकाने आधीच सोडवून ठेवला आहे, फक्त ते पान फार कमी लोक उघडतात. राहणीमानाच्या पायऱ्या आहेत: साधं राहायचं तर रोज एक गोल्ड, सुखवस्तू दोन, श्रीमंती चार, सरदारी थाट किमान दहा. यात खाणं, पिणं, निवारा, सगळं येतं. पाच जण सुखवस्तू राहून दहा दिवस शहरात थांबले तर शंभर गोल्ड, एकदाच वजा. कुणी काय खाल्लं, घोड्याला चारा किती, न्हाव्याला काय दिलं, काही विचारायचं नाही. या पायरीचा उपयोग मात्र खेळात जरूर करा. श्रीमंती राहणाऱ्याला नगरशेठच्या घरचं आमंत्रण येतं, आणि त्याच्या खोलीवर चोरांचा डोळाही असतो. गटारीकाठच्या धर्मशाळेत राहणाऱ्याला कुणी आमंत्रण देत नाही, पण शहरात काल रात्री कोण कुणाला भेटलं ते त्याला आधी कळतं. रोग कुठे राहायचं ठरवते ते बघा.

आता फायटरचं म्हणणं, की मध्ययुगात माणसं दमडी दमडी मोजून जगायची. त्याला आदराने सांगा की डी अँड डीची नाण्यांची उतरंड मध्ययुगासारखी नाहीच. शार्लमेनच्या काळात, आठव्या शतकाच्या अखेरीला, युरोपात जी पद्धत रूढ झाली तीत प्रत्यक्ष हातात फिरणारं नाणं मुख्यतः एकच होतं, चांदीचं डेनियर. इंग्लंडमध्ये त्याचीच बहीण पेनी. बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड ही नुसती हिशेबाची मापं होती. लोक वहीत पौंड लिहायचे, पण पौंड नावाचं नाणं खिशात नसायचं. इंग्लंडात एक पौंड किमतीचं सोन्याचं नाणं आलं ते १४८९ मध्ये, सातव्या हेन्रीच्या कारकिर्दीत. म्हणजे कित्येक शतकं माणसं ज्या एककात हिशेब करत होती त्याचं नाणंच अस्तित्वात नव्हतं. शिवाय व्यवहाराचा मोठा भाग उधारीवर आणि वस्तूंच्या देवघेवीवर चालायचा. इंग्लंडच्या राजाचा खजिना तर देण्या-घेण्याच्या नोंदी लाकडाच्या काठ्यांवर खाचा पाडून ठेवायचा. काठी उभी चिरायची, एक भाग देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. ही पद्धत १८२६ पर्यंत टिकली. १८३४ मध्ये त्या जुन्या काठ्या जाळताना आग हाताबाहेर गेली आणि इंग्लंडचं संसद भवन जळालं. हा प्रसंग तुमच्या कॅम्पेनमध्ये उचलायला माझी परवानगी आहे.

तेव्हा एकाच एककात हिशेब, गावातल्या ओळखीच्या दुकानदाराकडे खातं आणि महिन्याने चुकतं करणं, हे तीन रकान्यांपेक्षा अधिक मध्ययुगीन आहे. फायटरला खरखरीत वास्तव हवं असेल तर त्याला एखाद्या काठीचा अर्धा भाग द्या, खाचा पाडलेला. दुसरा अर्धा कुणाकडे आहे ते त्याला शोधू दे.

रोगबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तुमच्या पत्रातला खरा पेच तीच आहे. सध्या ती खिसा कापते तेव्हा काय होतं? ती फासा टाकते, जमतं, तुम्ही घाईघाईत म्हणता, “सात कॉपर.” ती लिहून घेते. यात मजा कुठे आहे? सात कॉपर ही रेघेच्या खूप खालची गोष्ट आहे, म्हणजे तुमच्या नव्या नियमात ते शून्य. म्हणून खिशातून नाणी काढणं बंद करा. खिशात नेहमी काहीतरी दुसरं असू द्या: मेण लावलेली चिठ्ठी, तुटक्या दाताची किल्ली, दोन वेगवेगळ्या माणसांच्या नावाच्या दोन पावत्या, लग्नाची अंगठी जी बोटात असायला हवी होती. सेशनच्या आधी अशा पाच-सहा वस्तू एका कागदावर लिहून ठेवल्या की काम भागतं. ती खिसे कापत राहील आणि तुम्हाला कथानकाचे धागे आयते मिळत राहतील.

नाणी हवीच असतील तर आणखी एक युक्ती आहे. तिची किरकोळ चोरी मोजू नका; आठवडाभर तिने हात साफ केला असेल तर तो आठवडा ती बाकीच्यांपेक्षा एक पायरी वरचं राहणीमान भोगते, फुकट. बाकीचे साध्या खाणावळीत आणि ती रेशमी चादरीवर. कुणी विचारलं तर तिने काय उत्तर द्यायचं ते तिचं ती बघेल. शीटवर एक आकडाही बदलत नाही आणि तिच्या कसबाची फळं सगळ्या टेबलला दिसतात.

मोठी चोरी मात्र मोठीच असू द्या. सावकाराची तिजोरी फोडली तर चारशे गोल्ड म्हणजे चारशे गोल्ड. पण ते सगळं नाण्यांत देऊ नका. निम्मं गालिच्यात, दोन मद्याच्या पिंपांत, एका विद्रूप पण महागड्या पुतळ्यात द्या. नाणी लिहून घेतली की विसरली जातात. गालिचा खांद्यावर वाहून न्यावा लागतो, तो घेणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो माणूस विचारतो की हा आणलात कुठून. पूर्वीच्या खेळात नाण्यांच्या वजनातून जो पेच तयार व्हायचा तोच इथे परत येतो, बेरीज-वजाबाकी न करता.

वाटणीचं म्हणाल तर प्रत्येक लढाईनंतर वाटणं आजपासून बंद. सगळं सामायिक गल्ल्यात. गल्ल्याचा आकडा एकाच जागी, सगळ्यांना दिसेल असा, टेबलच्या मधोमध एका कार्डावर. मोहीम संपून पार्टी गावात परतली की वाटणी, तीही दहाच्या पटीत: १९६ असतील तर पाच जणांना प्रत्येकी तीस, उरलेले ४६ गल्ल्यातच. राहणीमान, लाच, नावाडी, घोडे, हिरे हा खर्च गल्ल्यातून. माणशी वाटा म्हणजे स्वतःच्या हौसेचा पैसा. अशा वाटणीत तीन सिल्व्हर कुठे पडूच शकत नाहीत, त्यामुळे त्यावरून भांडताही येत नाही. ती कुरबुर झाली त्या दोघांना मात्र खेळाबाहेर, निवांत, एकदा विचारा. तीन सिल्व्हरवरून चिडणारा माणूस क्वचितच तीन सिल्व्हरवरून चिडलेला असतो. बहुतेकदा मागची एखादी जादुई वस्तू कुणाला मिळाली ते त्याच्या मनात असतं.

तुम्ही कदाचित विचाराल की दुसऱ्या खेळांसारखं पैशांऐवजी थेट एखादी क्षमता का नको. ‘बर्निंग व्हील’मध्ये तसं आहे: संपत्ती हीच एक क्षमता, महागडं काही घ्यायचं तर त्यावर फासे टाकायचे, आणि अपयश आलं तर क्षमता खालावू शकते. कर्जबाजारी सरदाराची गोष्ट सांगायची असेल तर याला तोड नाही. ‘वॉरहॅमर फँटसी’च्या चौथ्या आवृत्तीत ब्रास, सिल्व्हर, गोल्ड असे सामाजिक दर्जे आहेत, तुमचा दर्जा काय यावर कमाई किती आणि लोक कसे बोलतील ते ठरतं. तेही सुरेख आहे. (त्याच खेळात बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा क्राउनही आहे, तेव्हा तुमचे तीन रकाने निदान दहाच्या पटीत आहेत याचं समाधान माना.) पण या दोन्ही व्यवस्था त्यांच्या पूर्ण खेळात मुरलेल्या आहेत. डी अँड डीत चिलखतापासून हिऱ्यापर्यंत सगळ्यांना गोल्डमध्ये किंमत चिकटवलेली आहे; तिथे क्षमता आणलीत तर प्रत्येक किमतीचं भाषांतर तुम्हाला करावं लागेल. नको.

‘ब्लेड्स इन द डार्क’ या बदमाशांच्या खेळाकडून मात्र एक गोष्ट जरूर उचला. तिथे पैशाचं एककच ढोबळ आहे: एक कॉइन म्हणजे चांदीने भरलेली थैली, आठवड्याची मजुरी. दोन कॉइनमध्ये एक उत्तम शस्त्र. अंगावर चारच कॉइन बाळगता येतात, बाकीचे पुरून ठेवायचे, आणि पुरलेल्यातून एक परत हवा असेल तर दोन मोडावे लागतात. पुरलेल्याची कमाल चाळीस, आणि तो आकडा ठरवतो की तुमचा बदमाश म्हातारपणी कसा जगेल. माणसाचं सगळं आर्थिक आयुष्य दोन छोट्या आकड्यांत मावतं, आणि तरीही तिथले खेळाडू पैशांबद्दल सतत बोलत असतात. आकडे लहान ठेवले की त्यांच्यावर भांडायला मजा येते. तुमच्या गल्ल्याचा आकडा चार अंकी झाला की त्यातला काही भाग जमिनीत, जहाजात, एखाद्या पडक्या बुरुजाच्या डागडुजीत अडकवा. तो आकडा कार्डावरून जातो आणि नकाशावर येतो.

आणखी एक साधन म्हणजे ‘द ब्लॅक हॅक’ या खेळामुळे लोकप्रिय झालेला वापराचा फासा. बाण, मशाली, शिधा मोजायचा नाही. त्याला एक फासा द्यायचा, समजा आठपैलू. वापरला की फासा टाका. एक किंवा दोन आला तर फासा एक पायरी उतरतो, आठचा सहा, सहाचा चार, आणि चारवरही एक-दोन आला की माल संपला. आठपासून सुरू केलं तर सरासरी नऊ वेळा वापर होतो, पण नेमका कधी संपेल ते कुणालाच माहीत नसतं. वस्तीबाहेर, जिथे तुमची रेघ चालत नाही, तिथे हा झकास बसतो. पैशांना मात्र लावू नका. बाण अचानक संपणं पटतं. दुकानात उभं राहून “थैली रिकामी निघाली” हे दोनदा पटतं, तिसऱ्यांदा खेळाडू म्हणतो, मी मोजून का नव्हते ठेवले?

हे सगळं तुमच्यासारख्या, सहाव्या लेव्हलच्या, बऱ्यापैकी खिसा भरलेल्या पार्टीसाठी. भुकेकंगाल सुरुवात, कर्जात बुडालेलं गाव, वेढा पडलेला किल्ला असं काही खेळणार असाल तर रेघ शून्यावर आणा आणि कॉपरही मोजा. तिथे दुसऱ्या दिवशीची भाकरी हाच प्रश्न असतो. फक्त तेव्हा वजनही मोजा, नाहीतर अर्धवट काम होतं. शंभर नाणी म्हणजे पाठीवरच्या सामानाची एक जागा, एवढा ढोबळ हिशेब पुरतो.

बदल कसा करायचा? सेशनच्या मध्ये नाही. पुढच्या वेळी पार्टी शहरात पोचेल तेव्हा, खेळ सुरू करण्याआधी, नियम तोंडी सांगा. सगळ्यांनी शीटवरची नाणी गोल्डमध्ये करायची. अपूर्णांक असेल तर वर ढकला, खेळाडूच्या बाजूने. स्प्रेडशीट आणि शीट जुळत नसेल तर जो मोठा तो आकडा खरा. यात पार्टीला थोडे गोल्ड जास्त गेले तर जाऊ द्या, शांतता स्वस्तात मिळतेय. कुणाकडे इलेक्ट्रम निघालं तर ते मात्र मोडू नका. अर्ध्या गोल्डचं हे विचित्र नाणं दुकानात कुणी घेत नाही, कारण ते एका बुडालेल्या राजघराण्याचं आहे, आणि त्याच्यावरचा चेहरा पार्टीने कुठेतरी पाहिलाय. असं काहीतरी करा.

विझार्डवाल्याचा अपमान होणार नाही एवढं बघा. त्याने इतके दिवस कुणी न मागितलेलं काम निमूट केलंय, आणि त्याला नोंदी ठेवायला मनापासून आवडत असणार. त्याला देण्या-घेण्याची वही द्या: कुणाचे उपकार आहेत, कुणाला शब्द दिलाय, कोणत्या सावकाराचं व्याज चढतंय, हिरे किती शिल्लक. हिऱ्यांची मोजणी काटेकोरच हवी; तीनशेचा हिरा आहे की नाही यावर कुणाचं तरी जगणं ठरतं, तिथे “असेल बहुतेक” चालत नाही.

रेघ मात्र कायमची दहावर ठेवू नका. दहाव्या-अकराव्या लेव्हलला पार्टी पंचवीस गोल्डच्या आम्लासाठीही थांबेनाशी होईल, तेव्हा ती वर सरकवा. पन्नासवर नेलीत तर साधं हीलिंग पोशनही फुकटात जाईल. ते नको असेल तर चाळीसवर थांबा.